कुंपणाबाहेरचं तांबं

बिशपची टांकसाळ
संत मार्टिनच्या सणानंतरचा शुक्रवार

आत्या,

बेथोक तुझ्या मठात पोचल्याचे मासळीवाल्या वॉटीकडून कळले. ती जेवते का, एवढे कळव. मी विचारले असे तिला सांगू नकोस.

तिने तुला काय सांगितले ते मला माहीत नाही. माझ्याकडून झाले ते असे. मुलगी भर दुपारी जन्मली आणि गेली. सुईण एफी म्हणाली, जीव होता, मी पाणी घातले, बाप्तिस्मा झाला आहे. पाद्री मलिसने तिच्या तोंडाचा वास घेतला. बिअरचा होता. बेथोकचेही ऐकले नाही; बाळंतिणीला त्या वेळी शुद्ध किती असते, असे तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"निनियन, घरात तिसरा माणूस तूच. पोर रडलेली तू ऐकलीस?"

मी म्हणालो, नाही.

"तू नाही म्हणालास म्हणजे नाही," तो म्हणाला, आणि चर्चच्या आवारात पोरीला जागा मिळाली नाही. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्यांना ती मिळत नाही, हे तुला मी काय सांगू.

बेथोकने तिला मासळीच्या टोपलीत ठेवले आणि वॉटीच्या गाडीवर बसून ती माहेरी, तुमच्या इन्व्हरकेटला निघाली. मी पुलापर्यंत गेलो. तिथून परतलो, सणाची नाणी पाडायची राहिली होती. गाडीवरून ती एवढेच म्हणाली, "मी ऐकलं होतं. तू तिला कुंपणाबाहेर टाकलंस."

मी खोटे बोललो नाही, आत्या. एवढे तू तिला समजाव.

राजा अजून लहान आहे आणि रुपे महाग आहे. गोरगरिबांच्या हाती काही सुटे पडावे म्हणून बिशपसाहेबांनी तांब्याचे नाणे काढले आहे. ठसा मी कोरला. एका अंगाला पृथ्वीचा गोल, दुसऱ्या अंगाला चार पाकळ्यांत क्रूस, कडेने लॅटिन अक्षरे. पहिल्या दिवसाचे एक सोबत पाठवतो. बेथोकला दे. रेघा चांगल्या उमटल्या आहेत.

तुझा भाचा,
निनियन


इन्व्हरकेटचा मठ
संत अँड्र्यूच्या सणाचा आदला दिवस

निनियन,

तुझ्या पत्राला हेरिंग मासळीचा वास आणि तुझ्या अकलेला गंज. बायको मूल घालवून माहेरी येते, आणि तू तिला काय पाठवतोस, तर सुटे पैसे! तुझा बापही असाच. आमची आई वारली त्या दिवशी त्यानं माझ्या हातात नवी कुऱ्हाड ठेवली होती. घे म्हणाला, धार चांगली आहे.

जेवते ती. ओटची पेज घेते, कधी माझ्या ताटातला मासा उचलते. बोलत मात्र नाही. सकाळी खडकांवर जाऊन बसते, समोर सीलांचा कळप पडलेला असतो, तिच्याकडे बघत. त्यांचे डोळे आपल्या माणसांसारखे असतात, असं एकदा म्हणाली. तेवढंच.

तुझं नाणं दिलं. तिनं ते खिडकीशी नेलं, उलटसुलट केलं, अंगठ्यानं अक्षरं चाचपली.

"माई, काय लिहिलंय?"

मी वाचलं. "क्रूस सगळं पाप घालवतो."

"सगळं?"

"सगळं लिहिलंय."

"जन्माबरोबर येतं तेसुद्धा?"

मी म्हटलं, "बाई, मी मठातली म्हातारी. तांब्यावर जागा होती तेवढंच त्यावर लिहिलंय."

ती उठून बाहेर गेली.

आमच्या चर्चच्या भिंतीबाहेर, भिंत आणि समुद्र यांच्यामध्ये गवताची पट्टी आहे. तुला आठवत असेल. तिथं खेळायला गेलास म्हणून मी तुझा कान पिरगळला होता. बिननावाची मुलं तिथं निजलेली असतात. दगड नाही, खूण नाही. तुझी मुलगीही तिथंच आहे. त्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं. बेथोक फाटकातून पलीकडे गेली, तिची पाठ दिसत राहिली, मग पाठही दिसेना. बराच वेळ मी फाटकाशी उभी होते. परत आली तेव्हा अंगठ्याला माती होती आणि हात रिकामे होते. तिनं ते नाणं पोरीच्या अंगावर, मातीत दाबलं होतं. क्रूस खालच्या बाजूला.

मी रागावले नाही. रागवायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक विचारते. एफीनं पाणी घातलं तेव्हा ती काय म्हणाली, हे तू तिला विचारलंस का?

तुझी आत्या,
मेरिओटा


बिशपची टांकसाळ
नाताळच्या आधीचा आठवडा

आत्या,

माझी भेट तिने पुरून टाकली. समजले.

एफीला काय विचारायचे? बाप्तिस्म्याचे शब्द पोराटोरांनाही पाठ असतात. आणि तांब्याने बाप्तिस्मा होत नाही. हे मी सांगतो. मीच ते पाडतो.

माझे काम उलटे लिहिण्याचे आहे. पोलादावर उलटे कोरावे, तेव्हा तांब्यावर सुलटे उमटते. दिवसभर तसे कोरून बाहेर आलो की गल्ली मला चुकीच्या अंगाला वळलेली दिसते. दारातून आत येतो, डावीकडे वळतो, आणि चूल उजवीकडे असते. ती थंड असते, म्हणून फारसा फरक पडत नाही.

हल्ली एक स्वप्न पडते. सगळे गाव उलटे कोरलेले असते. समुद्र पश्चिमेला, घंटाघर नको त्या हाताला. माणसे मागे मागे चालतात. वॉटीची गाडी उलटी येते, बेथोक टोपली घेऊन उतरते आणि पाठमोरीच माझ्याकडे येते, जिना चढते. मी ऐरणीशी आहे. हातोडे पडताहेत पण आवाज नाही. मी माझा हातोडा खाली आणतो आणि नाण्यावरचा क्रूस पुसला जातो. पुन्हा आणतो, अक्षरे जातात. शेवटी नुसती चकती उरते, तांबडी, कोवळी. तिच्याकडे बघत मी थांबतो. वरून काहीतरी ऐकू येणार असते. तेवढ्यात जाग येते.

तू म्हणशील, पाद्र्याला हो म्हणाला असतास तर काय बिघडले असते. ठशात एक रेघ खोटी पडली तर त्यातून निघणारे प्रत्येक नाणे खोटे. मला दुसरे काही येत नाही, आत्या. मी ऐकले नाही ते ऐकले कसे म्हणू?

नव्या वर्षापर्यंत बेथोकने परत यावे. तिला सांग, जिन्याची सैल पायरी मी ठोकून घेतली आहे.

निनियन


इन्व्हरकेटचा मठ
तीन राजांच्या सणानंतर

अरे खुळ्या,

पुरलं म्हणजे फेकलं का? बापाकडून त्या पोरीला मिळालेली ती एकच वस्तू. बेथोकनं ती स्वतःजवळ ठेवून घेतली नाही, जिची तिला दिली. तुला पोलादावरचं उलटं वाचता येतं, बायकोचं सुलटं वाचता येत नाही.

आता पुढचं ऐक, आणि ऐकून गप्प बस. बेथोकला कुणीतरी पाहिलं. मग शेजारणीनं विचारलं, माई, त्यावर खरंच तसं लिहिलंय? लिहिलंय त्याला मी नाही कसं म्हणू? आता बायका येतात. किनाऱ्याच्या वरच्या गावांतूनही येतात. बिशपच्या दारात भिक्षा म्हणून मिळालेलं तांबं, बाजारात अंड्यांवर परत आलेलं तांबं, असं पदराच्या गाठीत बांधून आणतात. धुकं असलं की येतात. भिंतीच्या अलीकडून मला नुसते आवाज येतात.

"कुठली बाजू खाली गं?"

"क्रूस खाली."

"आणि तो गोल?"

"तो वर राहू दे. पृथ्वीचं बिशप बघून घेतील."

"आमच्या नवऱ्यानं विचारलं, भिक्षेतलं तांबं कुठं गेलं म्हणून. म्हटलं, तुझ्या बिअरमध्ये. लगेच पटलं मेल्याला."

आणि हसल्या. त्यात एक हसू बेथोकचं होतं. मी ओळखलं. तुमच्या लग्नात ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच.

म्हातारी मार्साली परवा आली. तिचं मूल गेलं तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते. तिला जागा सापडेना. गुडघ्यांवर रांगत गवत चाचपत होती. "इथं होतं. इथं जमीन जरा खाली होती, पाणी साचायचं." धुक्यात ती एकदा इकडून दिसे, एकदा तिकडून. शेवटी बेथोकनं तिला हाताला धरून बसवलं.

"आजी, कुठंही दाबा. ते शोधून घेईल."

मार्सालीनं दाबलं. मग बराच वेळ तिथं हात ठेवून बसली, भाकरी भाजली का बघतात तसा.

नव्या वर्षापर्यंत परत यायला ती काही गहाण पडलेली नाही. पायरीचं सांगितलं. "कुठली पायरी?" म्हणाली. मग म्हणाली, "वरून तिसरी. तीच वाजायची." म्हणजे आठवण आहे.

आता एक सांग. नेमकं सांग, तुला नेमकेपणाचा फार सोस. पोर आली त्या वेळी तू कुठं उभा होतास?

मेरिओटा


बिशपची टांकसाळ
मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

आत्या,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला. उत्तर सोपे होते, म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. काल ते आपणहून समोर आले.

काल बिशपसाहेबांचे कारभारी टांकसाळीत आले. त्यांच्या हातात बेकरांची तक्रार होती.

"निनियन, हे तांबं आहे की बर्फ? आम्ही सोडतो आणि ते विरघळतं. बाजारात सुटं म्हणून नाही. कोणी वितळवतंय का? जहाजांतून बाहेर जातंय?"

"मला तसं वाटत नाही."

"तुझी माणसं किनाऱ्यावर आहेत. तिकडे काही पाहिलंस?"

मी म्हणालो, "मी पाहिलं नाही."

ते कारकुनाकडे वळले. "लिहा. निनियन नाही म्हणाला म्हणजे नाही."

ते गेले. मी बरोबर बोललो होतो. तुमची पट्टी मी लहानपणानंतर पाहिलेली नाही. तू लिहिलेस आणि मी वाचले, एवढेच. मला बरेही वाटले, कारण खणायला कोणी येणार नाही. मी कोरणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते. मलिसच्या तोंडून.

आता उत्तर. पोर आली तेव्हा मी ऐरणीशी होतो. आमची खोली टांकसाळीवर आहे, खिडकी रस्त्याकडे. खाली पाच माणसे तांबे ठोकत होती आणि त्यातला एक मी होतो. मी रडणे ऐकले नाही, हे खरे आहे. पण त्या दिवशी मी दुपारची घंटाही ऐकली नाही. भाकरीला उशीर झाला म्हणून बाहेरचे आम्हाला हसले होते. मी म्हणालो होतो, घंटा झाली? ते म्हणाले, केव्हाच.

घंटा वाजलीच नाही, असे मी तेव्हा म्हणालो नाही. कोणीच म्हणणार नाही.

मलिसने मला विचारले, ऐकलेस का. ऐकू आले असते का, हे त्याने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

काल उरलेला दिवस मी काम केले नाही. गल्लीत समुद्राचे धुके शिरले होते. मी घराच्या खिडकीखाली उभा राहून वर बघत होतो. शेजाऱ्यांना वाटले असेल, मी किल्ली हरवली.

निनियन


इन्व्हरकेटचा मठ
त्याच आठवड्यात

निनियन,

वॉटीला थांबवून ठेवलंय, त्याची मासळी नासते म्हणून ओरडतोय, तेव्हा थोडक्यात.

तुझं पत्र बेथोकला वाचून दाखवलं. "पुन्हा वाचा," म्हणाली. पुन्हा वाचलं. घंटेपाशी आले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"घंटा मी ऐकली होती, माई. घंटा संपली आणि मग ती रडली. एकदाच. मांजरीच्या पिलासारखी."

मग उठली आणि केर काढायला लागली, काढलेल्या जागेतलाच.

मला कशाला लिहीत बसतोस? जा. ज्यानं विचारलं त्याला सांग.

मेरिओटा


बिशपची टांकसाळ
राखेच्या बुधवारानंतरचा रविवार

आत्या,

गेलो.

पाद्री मलिस कपाळावरची राख पुसत होता. मी सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"तेव्हा तू नाही म्हणाला होतास."

"आताही नाहीच म्हणतो. पण फादर, त्या दिवशी मी दुपारची घंटाही ऐकली नाही. ती वाजली होती ना?"

"वाजली होती ना म्हणजे? दोर मीच ओढला होता!" त्याला राग आला. मग त्याचा राग हळूहळू उतरला.

"याला पुरावा काय?" शेवटी तो म्हणाला.

"टांकसाळीत येऊन उभे राहा."

दुसऱ्या दिवशी तो आला. एफीलाही बोलावले होते. तिला वर आमच्या खोलीत जायचे होते. मलिसने तिला बजावले, की मी ऐरणीशी उभा राहीन आणि हातोडे सुरू झाले की तू तुझ्या मनात येईल ते मोठ्याने म्हण. एफीने विचारले, "मनात येईल ते?" तो म्हणाला, काहीही. ती वरून तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाली, "वाजत नाही आता ही," आणि वर गेली.

आम्ही ठोकू लागलो. मलिस कानावर हात ठेवून उभा राहिला, मग त्याला आठवले आणि त्याने हात काढले. तांब्याचे कण उन्हात उडत होते आणि त्याच्या काळ्या झग्यावर बसत होते. तो डोळे मिटून ऐकत होता. मीही ऐकत होतो. स्वप्नात जसे थांबतो तसे. वरून काही आले नाही.

हातोडे थांबवले तेव्हा खिडकीखाली माणसे जमली होती. बेकरची बायको हसून हसून भिंतीला टेकली होती. मलिसने बाहेर जाऊन विचारले, "काय म्हणाली ती?" लोक एकमेकांकडे बघू लागले. एकजणही सांगेना.

एफी खाली आली.

"काय म्हणालीस?"

"तुमच्याबद्दलच होतं, फादर. सगळी गल्ली ऐकत होती. तुम्ही ऐकलं नाहीत?"

"नाही."

"मग मी म्हणालेच नाही."

 मलिसने झग्यावरचे तांबे झटकले. मग त्याने माझ्या बाकावर बसून तुमच्या पाद्रीबाबांना चिठ्ठी लिहिली, की सुईण आणि आई यांच्या शब्दावर मी मान्य करतो, मूल जिवंत होते, बाप्तिस्मा झाला आहे, त्याला आवारात आणावे. जाताना एफीला म्हणाला, "बिअर कमी कर." ती म्हणाली, "तुम्ही प्रश्न वाढवा."

चिठ्ठी याच्यासोबत आहे. ती बेथोकच्या हाती दे.

आणखी दोन गोष्टी. तांब्याचे नाणे आता बंद. ते टिकत नाही असा निर्णय झाला. ठसा पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर आडवी चीर पाडायची असते. ती मीच पाडली. सरळ आली. आता टांकसाळ गप्प आहे. दुपारची घंटा इतकी मोठी आहे हे मला माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट. एफी निघाली तेव्हा मी तिला विचारले, पाणी घातलेस तेव्हा काय म्हणालीस? ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाप्तिस्मा नावावर देतात, निनियन. बेथोकनं नाव सांगितलं, मी ते म्हणाले." मी नाव विचारले. ती म्हणाली, "इतके दिवस विचारलं नाहीस. आता माझ्याकडून नको, तिच्याकडून घे."

तू मला हे पहिल्याच पत्रात विचारायला सांगितले होतेस.

माझ्या मुलीला नाव आहे आणि ते मला माहीत नाही.

निनियन


इन्व्हरकेटचा मठ
मरियामातेला देवदूताचा निरोप आला त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी

निनियन,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण तुला सांगण्यासारखं रोज थोडं थोडं घडत होतं आणि कुठलंच पुरं होत नव्हतं.

चिठ्ठी बेथोकच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, तरी तिनं ती रात्रभर उशाशी ठेवली. सकाळी आम्ही दोघी पाद्रीबाबांकडे गेलो. माणूस भला, लगेच फावडं शोधायला लागले.

"उचलायचं नाही," बेथोक म्हणाली.

"अगं, हेच तर तुला हवं होतं ना?"

"तिला आत घ्याल. मग भिंतीपलीकडे बाकीची राहतील, आणि तिथली माती उघडी पडेल. मातीत काय आहे ते सगळे बघतील." मग म्हणाली, "आणि तिला आता सवय झाली असेल. बरोबरीची आहेत सगळी."

पाद्रीबाबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, बाप्तिस्मा झालेलं मूल जिथं आहे तिथली जागा मला पवित्र करता येईल. तेवढीच. टोपलीएवढी.

काल केली. सणाचा दिवस, ऊन होतं, आणि समुद्रावरून वारा. धुकं नसताना ती पट्टी मी वर्षानुवर्षांनी पाहिली. गवत अजून आखूड आहे, पण कुठं कुठं मातीला हिरवी झाक आली आहे. तांबं ओलाव्यात हिरवं पडतं, हे तुला ठाऊक आहे. लांबून वाटत होतं, कुणीतरी हिरव्या पावलांनी इकडून तिकडे फिरलंय.

बायका भिंतीशी उभ्या होत्या. पाद्रीबाबांनी पुस्तक वाचलं, पितळी भांड्यातलं पवित्र पाणी घेतलं आणि हात उचलला. त्याच वेळी वाऱ्याचा असा झोत आला की त्यांची टोपी भिंतीवर गेली. पाणी पोरीवर पडलं ते पडलंच, बाकीचं सगळ्या पट्टीवर उडालं, पार त्या टोकापर्यंत, जिथं मार्साली नाणं दाबून बसली होती. तिच्या तोंडावरही आलं. तिनं ते पुसलं नाही.

मी म्हटलं, "पाद्रीबाबा, तुम्ही टोपलीएवढीच करणार होतात."

"मी तेवढीच केली, माई."

"आणि वारा?"

"मी डोळे मिटले होते. प्रार्थनेत मिटतातच."

एक बाई खुदकन हसली, दुसरीनं तिला कोपर मारलं, आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. मीसुद्धा. माझं सोड, म्हातारपणी डोळ्यांतून काही ना काही येतच असतं.

तर नावाचं. बेथोकनं काल ते तिथं मोठ्यानं म्हटलं. मला माहीत झालंय, सगळ्या गावाला माहीत झालंय, वॉटीलासुद्धा. मी त्याला ताकीद दिली आहे, वाटेत निनियनला सांगितलंस तर तुझ्या गाडीतली एकही मासळी मठ घेणार नाही. परत निघताना तो तुझ्यासाठी जागा ठेवील. पुलाशी उतरू नकोस.

पत्रात नाव लिहू का, म्हणून मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली.

"त्याला येऊ द्या, माई. फाटकाबाहेर नेऊन त्याच्या कानात सांगेन." मग थोड्या वेळानं, केर काढता काढता म्हणाली, "हळूच सांगेन. आता त्याला ऐकू येईल."

तुझी आत्या,
मेरिओटा